मसलसाठी क्रिएटिन पावडर घेणाऱ्यांनो, जिममधल्या "किडनी चेकअप"पासून सावध राहा

21,449 रुपये गेले माझे. टेस्टचे 499, "किडनी डिटॉक्स" किटचे 14,750 आणि वर दुसऱ्या कोर्सचे 6,200, कारण म्हणे घाण सुटायला लागलीय, मधेच थांबलात तर उलटेल.

जिममध्ये हेल्थ कॅम्प लागला, रक्त घेतलं, मग फोन आला की सर, घरच्यांना घेऊन या. क्रिएटिनिन (रक्तातली घाण, जी किडनी गाळून टाकते) 1.56, त्याभोवती लाल पेनाने गोल, खाली ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) 58. "60 च्या खाली म्हणजे किडनी चालली, पुढे डायलिसिस." बायको तिथेच रडायला लागली. आणि किटचे बॉक्स टेबलावर आधीच मांडून ठेवलेले!

डोकं फिरतं ते एकाच गोष्टीने. फॉर्मवर विचारलं होतं, कुठले सप्लिमेंट घेता. मी लिहिलं, क्रिएटिन 5 ग्रॅम. बाहेर बाकड्यावर बसलेले बाकीचेही त्याच ट्रेनरकडून क्रिएटिनचा डबा घेतलेले, म्हणजे निवडून बोलावलं होतं आम्हाला. सगळं डोळ्यांसमोर होतं हो, पण घरात काकांचं डायलिसिस बघितलेल्या माणसाला त्या क्षणी काय सुचणार?

क्रिएटिन शरीरात मोडून त्याचंच क्रिएटिनिन होतं, त्यामुळे डबा चालू असताना आकडा वर जाऊ शकतो, मसल जास्त असेल तर अजून. ईजीएफआर त्याच आकड्यावरून फॉर्म्युल्याने काढतात, म्हणून तो खाली दिसतो, किडनीला काही झालेलं नसलं तरी. नंतर गाठलेल्या नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, क्रिएटिन बंद करून काही आठवड्यांनी परत टेस्ट केली, सोबत लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन आणि सिस्टॅटिन सी, म्हणजे किडनीची दुसरी रक्तचाचणी, जिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. सगळं नॉर्मल, क्रिएटिनिन 1.1. निरोगी माणसाला रोज 3 ते 5 ग्रॅमने किडनी खराब होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, पण आधीच किडनीचा त्रास, बीपी, शुगर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. डॉक्टर चिडले ते त्या किटमधल्या राखाडी पुडीवर, ना लेबल ना लायसन्स नंबर. असल्या भस्मात पारा-शिसं निघालं तर चांगली किडनीसुद्धा जाते!

तक्रारीचं तर विचारूच नका. चौकीत म्हणे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पैसे दिलेत, हा सिव्हिल मॅटर. सरकारी ऑफिसात गेलो तर बिल दाखवा, बिलावर औषधाचं नाव नाही, "वेलनेस कन्सल्टेशन" लिहिलंय, मग आमच्याकडे येत नाही. चमत्कारी इलाजांच्या जाहिरातींविरुद्धचा 1954 चा मॅजिक रेमेडीजचा कायदा दाखवला तर साहेब म्हणतात जाहिरात कुठेय, तोंडीच सांगितलं ना? अहो, फसवणारा लेखी देतो का कधी? दुसऱ्या टेबलावर गेलो तर साहेब जेवायला, मग मीटिंगला, मग सुट्टीवर. पुडी तपासा म्हटलं तर सील फोडलेलं सॅम्पल चालत नाही. मग लोकांनी जायचं कुठे?

बिलावर वस्तूचं नाव लिहून घ्या, नाही दिलं तर पैसे देऊ नका. रक्त देताना लॅबला सांगा क्रिएटिन चालू आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, तक्रारीचा नंबर जपून ठेवा, मी टाकलीय. त्याच जिमच्या दारावर पुढच्या कॅम्पचा बोर्ड लागलाय, फी तीच, 499.