चौदा महिने डाव्या बोल्टसोबत: कारखान्याची .३७५ की बनवून घेतलेली .४१६?

मी डावखुरा, आणि डोळाही डावाच प्रबळ, त्यामुळे उजव्या खांद्याला रायफल लावून नेम धरण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही वीस-बावीस वर्षं उजव्या हाताची, .३०-०६ काडतुसाची रायफल वापरली. बार झाला की डावा हात ग्रिपवरून सोडायचा, स्कोपवरून (नेमाच्या दुर्बिणीवरून) पलीकडे न्यायचा, बोल्ट (रिकामी पुंगळी बाहेर काढून नवं काडतूस आत ढकलणारा दांडा) उचलायचा, ओढायचा, ढकलायचा आणि परत ग्रिपवर. हरणाच्या शिकारीत हे खपून जातं. अंगावर येऊ शकणाऱ्या जनावरासाठी मोठ्या बोअरची (जाड गोळीची) रायफल घ्यायचं ठरलं तेव्हा मात्र बोल्ट डावीकडेच हवा, ही पहिली अट घातली. शिवाय उजव्या रायफलीची पुंगळी बाहेर पडायची खिडकी डावखुऱ्याच्या गालाच्या बाजूला उघडते. एखादी पुंगळी फाटलीच, तर वायू कुणाच्या तोंडावर येईल हे सांगायला नको.

कारखान्याची घ्यावी की बनवून घ्यावी, यावर मी सहा महिने डोकं शिणवलं. शेवटी सगळं गाडं अडतं ते ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात सरकतो त्या पोलादी घरावर (रिसीव्हरवर). .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड, १९१२) आणि .४१६ रिग्बी (१९११) ही जुनी, नावाजलेली काडतुसं (आकडा म्हणजे गोळीचा इंचातला व्यास) लांब आहेत, त्यांना मॅग्नम लांबीची ॲक्शन लागते. रिग्बी तर जाडीलाही दांडगं, त्याला बोल्टचं तोंडही मोठं हवं. अशा डाव्या ॲक्शन अगदी मोजक्या ठिकाणी होतात, आणि बनवून घेतलेल्या रायफलीच्या खर्चाचा नि वाट पाहण्याचा मोठा भाग तिथेच जातो. .३०-०६ च्या लांबीची डावी ॲक्शन मात्र कारखान्यांना नवी नाही. सॅव्हेजची डावी ११० तर १९५० च्या दशकाच्या शेवटीच बाजारात आली होती. त्या लांबीत .४५८ विंचेस्टर मॅग्नम (१९५६) बसतं, .३७५ रुगर (२००७) बसतं, .४१६ रुगरही बसतं. म्हणून माझं मत असं की डावखुऱ्याने आधी ॲक्शन बघावी आणि तिच्यात जे बसतं त्यातून काडतूस निवडावं. उजव्यांचा क्रम उलटा असतो, त्यांना तो परवडतो.

मी .३७५ रुगर घेतली. ३०० ग्रेनची (सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची) गोळी, वेग जुन्या एच अँड एचइतका किंवा थोडा जास्तच. आफ्रिकेतल्या अनेक देशांत म्हैस-हत्तीसाठी .३७५ हीच किमान मर्यादा आहे, तीही यात भागते. काडतुसाचं नाव रुगरचं असलं तरी माझी रायफल दुसऱ्याच कारखान्याची आहे. पुढे तिच्याबद्दल कुरकुर आहे, म्हणून नाव लिहीत नाही. ॲक्शन जुन्या जर्मन माउझर ९८ रायफलीच्या वळणाची, मोठ्या नखाची. काडतूस मॅगझिनमधून सुटतानाच नख त्याची कडा धरतं, त्यामुळे घाईत बोल्ट अर्ध्यातून मागे आला तरी ते काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं त्याच्या पाठीवर आदळत नाही.

पहिले दोन महिने मात्र हसू व्हायची वेळ होती. बार केला की माझा डावा हात सवयीने उठायचा, स्कोपवरून उजवीकडे जायचा, आणि तिथे काहीच नसायचं. गुळगुळीत पोलाद. बोटं रिसीव्हरवर चाचपडत राहायची, तोवर दुसऱ्या गोळीची वेळ निघून गेलेली. नवी रायफल मला जुनीपेक्षा हळू चालवता येत होती! बनावट काडतुसं घेऊन रोज रात्री पंधरा-वीस वेळा खांद्याला लावून बोल्ट मारायचा, असा नियम केला. चौथ्या महिन्यात हात सुधारला. आता स्कोपमधून डोळा न काढता दुसरी गोळी चेंबरमध्ये जाते. उजव्यांना हे आयुष्यभर फुकट मिळतं.

आता कुरकुर. चौथ्या खेपेला रेंजवर दुसरा बार केला आणि पायाशी टप टप आवाज आला. मॅगझिनची खालची पट्टी धक्क्याने उघडली होती आणि उरलेली दोन्ही काडतुसं माझ्या बुटांवर पडली होती. मोठ्या बोअरमध्ये हा दुखणाईतपणा नवा नाही, पण चिडलेल्या जनावरासमोर असं झालं असतं तर? गनस्मिथने खटक्याची स्प्रिंग बदलून जास्त ताकदीची बसवली आणि खटक्याची धार नीट घासून दिली. त्यानंतर एकदाही उघडली नाही. डाव्या बाजूचं काडतूस वर येताना मॅगझिनच्या तोंडाशी असलेल्या रेलवर खरखरायचं, तीही कुरकुर त्याच्याकडेच मिटली. तो सारखा सांगत होता की रेलवरून फक्त कुसळं काढायची, धातू कमी करायचा नाही, कारण एकदा जास्त घासली की रेल परत येत नाही. दुसऱ्याने घाई केली असती.

तिसरी कुरकुर स्टॉकची, म्हणजे दस्त्याची, आणि ती सगळ्यांत जास्त सोसली. ॲक्शन डावी, पण स्टॉक अगदी सरळ. डावखुऱ्याला बट (स्टॉकचा खांद्याला टेकणारा भाग) किंचित डावीकडे झुकलेला लागतो आणि गालाची उशी उजव्या बाजूला. सरळ स्टॉकमुळे डोळा स्कोपच्या रेषेत आणायला गाल दाबून धरावा लागायचा, आणि धक्क्यात कोम्ब (स्टॉकची गालाखालची कड) गालफडावर बसायचा. हा धक्का .३०-०६ च्या दुपटीच्या आसपास असतो. खांद्याचं काही वाटत नव्हतं, पण पाच-सहा बारांनंतर गालावर निळसर डाग यायचा. मग स्टॉक तेवढा माझ्या मापाचा करून घेतला: लांबी, झुकाव, उशी, शिवाय पक्कं बेडिंग (ॲक्शन स्टॉकमध्ये घट्ट बसवणं) आणि रिकॉइल लगमागे (धक्का स्टॉकवर घेणाऱ्या खुंट्यामागे) स्टॉकमधून आडवा बोल्ट. पट्ट्याची पुढची कडीही स्टॉकवरून काढून नळीवर घेतली, नाहीतर धक्क्यात ती पुढच्या हाताची बोटं सोलते. स्कोप १-४ चा (एक ते चार पट मोठं दाखवणारा), आणि डोळ्यापासून अंतर भरपूर असलेला. एका खेपेला दहा-बाराच्या वर बार करत नाही. त्याच्या पुढे माणूस नेम शिकत नाही, दचकायला शिकतो.

बनवून घेतलेली रायफलही जवळून पाहिली आहे. माझ्या डावखुऱ्या मित्राने डाव्या मॅग्नम माउझर ॲक्शनवर .४१६ रिग्बी बांधून घेतली, हातात यायला दोन वर्षं लागली. तिच्यावर मी दहा बार केले आहेत. बोल्ट लोण्यासारखा, काडतुसं आवाज न करता वर येतात, वजन साडेदहा पौंड असल्याने धक्का ढकलल्यासारखा, मारल्यासारखा नाही. तशी माझी कधीच होणार नाही. पण मापं देताना गडी पातळ सदऱ्यात गेला आणि शिकारीला जातो जाड जाकीट घालून, त्यामुळे बट आता काखेत अडकतो. नख तुटलं तर आणखी पंचाईत: उजव्या रायफलीचं नख डावीला बसत नाही, तिचं सुटं करूनच घ्यावं लागेल. मी पहिल्याच महिन्यात जास्तीचं नख आणि फायरिंग पिन मागवून ठेवली.

अशा दोन रायफलींत मी पुन्हा कारखान्याचीच घेईन, आणि वाचलेल्या पैशातला एक तुकडा स्टॉक आणि गनस्मिथवर घालेन. ज्याला .४१६ रिग्बीच हवी, त्याला बनवून घेण्याशिवाय फारसा मार्ग नाही, त्याने वाट बघावी. तिसराही रस्ता आहे. रुगर नंबर १ सारख्या एका गोळीच्या रायफलीला किंवा दुनळीला डावं-उजवं फारसं नसतं, सेफ्टीचा खटका मधोमध असतो, आणि दुनळीचा फक्त झुकाव बदलून घ्यावा लागतो. एका गोळीवर भागत असेल तर याहून स्वस्त सुटका नाही.

मागच्या थंडीत रानडुकरावर पहिल्यांदा खरी परीक्षा झाली. पहिली गोळी आरपार गेली. ते पडताना माझ्याही नकळत दुसरं काडतूस आत गेलं होतं. ती गोळी मारावी लागली नाही. सोबतच्या उजव्या मित्राने नंतर मदत म्हणून रायफल रिकामी करायला घेतली आणि बोल्ट शोधत उजवीकडे चाचपडत राहिला. बावीस वर्षांचा हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जुनी .३०-०६ अजून विकलेली नाही. कपाटातच आहे, महिन्यातून एकदा तेल लावतो. तिच्यावर बार मात्र करत नाही, कारण तिच्यासोबत एक सकाळ घालवली की पुढचे चार दिवस डावा हात पुन्हा स्कोपवरून उजवीकडे निघतो.