ठाणे पश्चिमेचे छातीचे डॉक्टर, गर्दी असते पण थांबाच

सासऱ्यांचा खोकला जाईना आणि वजन उतरत चाललेलं. आधी एका दवाखान्यात एक्स-रेवरचा डाग बघून थेट टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, थुंकी तपासलीच नाही! आपल्याकडे टीबी इतका कॉमन आहे की डाग म्हणजे टीबी असंच धरतात आणि कॅन्सर असेल तर त्यात महिने जातात, याचा खरंच संताप येतो. मग शेजारच्या काकूंनी या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

यांनी फाईल बाजूला ठेवून आधी नीट विचारलं. बिडी किती, कधीपासून, काम काय करायचात. सासरे म्हणाले वागळे इस्टेटला वेल्डर होतो, तर लगेच शेड बंद असायची का, तोंडाला काय बांधायचात, स्टेनलेस स्टीलचं काम होतं का. वेल्डिंगच्या धुराने पण फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे आम्हाला तिथे कळलं, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २०१७ मध्येच तसं ठरवलंय. मग दोन्ही हातांची सारखी बोटं नखाला नख लावून धरायला सांगितली. मध्ये बारीक फट दिसायला हवी ती दिसेना, नखं फुगलेली, फुप्फुसाच्या काही आजारांत असं होतं. म्हणाले यावरून काही पक्कं होत नाही पण सीटी आजच करा.

थुंकीत टीबी निघाला नाही, सीटीत गाठ दिसली, सुईने तुकडा काढला, कॅन्सरच निघाला, ॲडिनोकार्सिनोमा नावाच्या प्रकारचा. तुकडा ईजीएफआर आणि एएलके या दोन जीन्सच्या तपासणीसाठी पण पाठवला, कारण त्यात बदल सापडला तर गोळ्यांवर ट्रीटमेंट होऊ शकते, बिडी ओढणाऱ्यांत कमी सापडतो पण बघायचंच म्हणाले. आमचं दोन्ही निगेटिव्ह आलं. गाठी छातीच्या मधल्या भागातही होत्या म्हणून ऑपरेशन नाही, केमो आणि रेडिएशन. हे सगळं सासऱ्यांसमोर बसून मराठीत सांगितलं, आम्हाला बाहेर बोलावून कुजबुज नाही, त्यांना ते फार बरं वाटलं. पुढची ट्रीटमेंट खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये चालू आहे, तिकडची चिठ्ठी पण यांनीच दिली.

मी घाबरून विचारलं माझा पण स्कॅन करू का, तर सरळ नाही म्हणाले, चाळिशीच्या आत आहात, कधी ओढली नाहीत, उगाच रेडिएशन कशाला. मेहुण्याला मात्र लो डोस म्हणजे कमी रेडिएशनचा सीटी करायला लावला, तो पन्नाशी पार आणि वीस वर्षं रोज एक पाकीट. अमेरिकेत पण ५० ते ८० वयाच्या अशाच लोकांना तो दरवर्षी करायला सांगतात, साध्या एक्स-रेमध्ये बारीक गाठ निसटते.

कटकट एवढीच की अपॉइंटमेंट असली तरी तासभर जातो, लिफ्ट नाही आणि दम लागणाऱ्या पेशंटला दुसरा मजला म्हणजे शिक्षाच आहे, त्यांनी याचं काहीतरी करायलाच हवं. रिसेप्शनच्या ताई खालीच खुर्ची लावून देतात, फोन करून सांगा. गाडी आणू नका, स्टेशनवरून रिक्षा करा. जुन्या एक्स-रेच्या फिल्म सगळ्या घेऊन जा, ते खरंच एकेक लावून बघतात.