इंग्रजी वाक्य जुळवण्याचे शब्दकार्ड संच: डब्यात काय असलं तर घ्यावं

लहान मुलांना इंग्रजी वाक्यरचना शिकवायला शब्दकार्डांइतकं कामाचं साधन दुसरं नाही, पण त्याची निवड अनेकदा चुकते. डब्यावर कार्डांचा मोठा आकडा असतो आणि आत प्राणी, फळं, कपडे, वाहनं अशी नामंच नामं. नामांनी शब्दसंग्रह वाढतो, पण वाक्य उभं राहत नाही. वाक्य उभं करणारे शब्द छोटे असतात आणि त्यांचं चित्र काढता येत नाही, म्हणून ते डब्यातून गळतात.

त्यामुळे संच हातात घेतल्यावर पहिली परीक्षा सोपी ठेवा: ‘डझ’चं कार्ड शोधा. ते नसेल तर त्या संचातून प्रश्न आणि नकार शिकवता येणार नाहीत. मग कागद कितीही जाड असो आणि चित्रं कितीही सुरेख असोत, तो संच वाक्यरचनेसाठी घेऊ नये.

आमच्या मते किमान भरणा असा हवा. कर्त्याच्या जागी येणारी सात सर्वनामं: ‘आय’, ‘यू’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘वी’, ‘दे’. कर्माच्या जागी येणारी ‘मी’, ‘हिम’, ‘हर’, ‘अस’, ‘देम’ ही पाच इंग्रजी रूपं. ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वर’. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’. ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’. ‘कॅन’, ‘विल’ आणि ‘नॉट’. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’. ‘इन’, ‘ऑन’, ‘अंडर’, ‘टू’, ‘विथ’, ‘फ्रॉम’, ‘अ‍ॅट’. ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’. ‘व्हॉट’, ‘हू’, ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हाय’, ‘हाउ’. ‘धिस’, ‘दॅट’, ‘धीज’, ‘दोज’. आणि ‘देअर’. ही 50 कार्डं झाली. ‘अ’ आणि ‘द’ दोन-दोन हवीत, कारण एकाच वाक्यात दोनदा लागतात. यांच्यासोबत 20-25 नामं, 15 क्रियापदं आणि 10 विशेषणं असली की महिनोन्‌महिने पुरतात. याउलट तीनशे कार्डांच्या डब्यात या पन्नासांतली दहाच असतील, तर बाकीची कार्डं नुसती पडून राहतात.

‘देअर’ आणि ‘इट’ यांचा वेगळा उल्लेख करायला हवा. मराठीत ‘टेबलाखाली मांजर आहे’ किंवा ‘पाऊस पडतोय’ म्हणताना वाक्याच्या सुरुवातीला भरीचा शब्द लागत नाही. इंग्रजी विधानात मात्र कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही: ‘देअर इज अ कॅट अंडर द टेबल’, ‘इट इज रेनिंग’. कार्ड समोर नसलं की मूल ‘अंडर द टेबल कॅट इज’ असं काहीतरी जुळवतं. ते मराठीच्या क्रमाने अगदी बरोबर विचार करत असतं, इंग्रजीचा क्रम दाखवणारं कार्ड मात्र त्याच्यापुढे नसतं.

आता संचाचा सगळ्यांत मोलाचा भाग: प्रत्ययांची सुटी कार्डं. काही संचांत ‘लाइक’ आणि ‘लाइक्स’ ही दोन वेगळी, पूर्ण छापलेली कार्डं असतात. काहींत ‘लाइक’चं एक कार्ड आणि ‘एस’चं छोटं तुकडाकार्ड असतं. दुसरा प्रकारच घ्यावा. ‘शी लाइक्स मिल्क’ हे वाक्य जुळवा. आता प्रश्न करायचा. ‘डू’ पुढे आणून ठेवा, क्रियापदाला चिकटलेला ‘एस’ उचला आणि ‘डू’कडे न्या. स्पेलिंगमध्ये मध्ये एक ‘ई’ येतो आणि ‘डझ’ तयार होतं, म्हणून त्या जागी ‘डझ’चं पूर्ण कार्ड ठेवा: ‘डझ शी लाइक मिल्क?’ ‘लाइक’ पुन्हा मूळ रूपात गेलं, हे मुलाने स्वतःच्या हाताने केलेलं असतं. ‘डझ शी लाइक्स’ ही चूक मोठ्या वर्गांतही टिकून राहते, कारण ‘एस’ जागा बदलतो हे कोणी दाखवलेलंच नसतं. टेबलावर तो ‘एस’ एकच ठेवला तर तो दोन ठिकाणी असू शकत नाही, आणि नियम पाठ करण्याची गरजच पडत नाही.

भूतकाळाचंही तेच. ‘ही वॉक्ट होम’मधला ‘ईडी’ उचलला की ‘डिड’ येतं आणि ‘वॉक’ उरतं: ‘डिड ही वॉक होम?’ ‘इज’, ‘अ‍ॅम’, ‘आर’ यांचा प्रकार वेगळा. तिथे बाहेरून काही आणायचं नाही, दोन कार्डांची अदलाबदल करायची: ‘शी इज टायर्ड’, ‘इज शी टायर्ड?’ ‘कॅन’ आणि ‘विल’ही असेच सरकतात. हे दोन प्रकार एकाच दिवशी शिकवू नका. आधी अदलाबदलीचे प्रश्न पक्के होऊ द्या, मग ‘डू’ आणा. उलट केलं तर ‘डझ शी इज टायर्ड’ ऐकायला मिळतं.

प्रत्ययकार्डांत एक दोष मात्र सर्रास आढळतो. अनेकवचनाचा ‘एस’ आणि क्रियापदाचा ‘एस’ एकाच रंगात छापलेले असतात. ‘द कॅट रन्स’ आणि ‘द कॅट्स रन’ शेजारी ठेवले की मुलाला वाटतं, ‘एस’ कुठेही लावला तरी चालतो. खरं तर हे दोन वेगळे प्रत्यय आहेत, योगायोगाने सारखे दिसणारे. नामाचा ‘एस’ नामाच्या रंगात आणि क्रियापदाचा क्रियापदाच्या रंगात असेल तो संच चांगला. नसेल तर कडेला रंगीत पेन्सिलीची रेघ ओढून घ्या, काम भागतं.

सुट्या प्रत्ययांमुळे स्पेलिंगची अडचण येते, ती आधीच ओळखावी. ‘रन’ला ‘आयएनजी’ जोडताना ‘एन’ दुप्पट होतो, ‘मेक’मधला शेवटचा ‘ई’ गळतो, तर ‘ईडी’ जोडताना ‘क्राय’मधल्या ‘वाय’चा ‘आय’ होतो. कार्ड नुसतं शेजारी ठेवल्याने हे घडत नाही आणि मूल चुकीचं स्पेलिंग डोळ्यांत साठवतं. म्हणून सुरुवातीला ज्यांच्यात काही बदलत नाही अशीच क्रियापदं काढा: ‘प्ले’, ‘जंप’, ‘वॉक’, ‘लुक’, ‘टॉक’, ‘हेल्प’, ‘कुक’, ‘ओपन’. या आठांना ‘एस’, ‘आयएनजी’, ‘ईडी’ तिन्ही सरळ लागतात. ‘वॉच’ आणि ‘गो’ला ‘ईएस’ लागतो, त्यासाठी वेगळं तुकडाकार्ड हवं. ‘ईट’, ‘ड्रिंक’, ‘सिंग’ यांच्या कार्डांमागे भूतकाळाचं रूप छापलेलं असावं. ते नसेल तर मूल ‘ईटेड’ करणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला दिलेला नियम त्याने नीट लावलेला असतो.

उच्चारही सोबत घ्या. अनेकवचनाचा ‘एस’ ‘कॅट्स’मध्ये ‘स’ वाजतो, ‘डॉग्झ’मध्ये ‘झ’, ‘बसिझ’मध्ये ‘इझ’. ‘ईडी’ ‘वॉक्ट’मध्ये ‘ट’, ‘प्लेड’मध्ये ‘ड’ आणि ‘वॉन्टिड’मध्ये ‘इड’. काही संचांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नसतं, त्यामुळे ‘वॉकेड’, ‘जंपेड’ असे उच्चार रुजतात. ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’च्या कार्डांमागे ‘स्वराक्षर असेल तर अ‍ॅन’ असं छापलेलं दिसलं तर ते खोडून ‘स्वराचा आवाज असेल तर’ असं लिहा. ‘अवर’ हा वेळेचा शब्द ‘एच’ने सुरू होतो तरी ‘अ‍ॅन अवर’, आणि ‘युनिफॉर्म’ ‘यू’ने सुरू होतो तरी ‘अ युनिफॉर्म’. इथे कानाला विचारायचं.

रंगांकडे वळू. शब्दाच्या जातीनुसार रंग हा या संचांचा गाभा, पण सगळ्यांचा रंगमेळ एक नसतो. माँटेसरी पद्धतीच्या व्याकरण चिन्हांत नाम म्हणजे मोठा काळा त्रिकोण, क्रियापद म्हणजे लाल वर्तुळ, विशेषण गडद निळा त्रिकोण, उपपद छोटा फिका निळा त्रिकोण, सर्वनाम उंच जांभळा त्रिकोण, क्रियाविशेषण छोटं नारिंगी वर्तुळ आणि शब्दयोगी अव्यय हिरवी चंद्रकोर. त्याच पद्धतीच्या पारंपरिक शब्दपेट्यांतली कार्डं मात्र वेगळ्या रंगांची: तिथे हिरवं कार्ड सर्वनामाचं आणि जांभळं शब्दयोगी अव्ययाचं. चिन्हं आणि पेट्या एकत्र वापरणाऱ्याने हे आधीच तपासावं. काही संचांत दोन्हींचे रंग जुळवून घेतलेले असतात, तेच सोयीचे. बहिऱ्या मुलांच्या शिक्षिका एडिथ फिट्झजेराल्ड यांनी 1926 साली मांडलेल्या ‘फिट्झजेराल्ड की’पासून पुढे आलेल्या, बोलता न येणाऱ्यांसाठीच्या संवादफलकांवर दिसणाऱ्या रंगांत क्रियापद हिरवं असतं. अ‍ॅलिसन ब्रायन यांच्या, वाक्याचे भाग अर्थानुसार रंगवणाऱ्या ‘कलरफुल सिमँटिक्स’ पद्धतीत ‘कोण’ नारिंगी, ‘काय करतो’ पिवळं, ‘काय’ हिरवं आणि ‘कुठे’ निळं. एकच गोष्ट तीन ठिकाणी लाल, हिरवी आणि पिवळी! कुठली पद्धत श्रेष्ठ याचा वाद नको, पण दोन पद्धतींची कार्डं एका ट्रेमध्ये कधीच मिसळू नका.

माँटेसरी चिन्हांबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे. ती सुंदर आहेत, आणि रंगासोबत आकारही असल्याने लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या मुलालाही वापरता येतात. नुसत्या रंगाच्या कार्डांत हे मूल एकटं पडतं. पण चिन्हं तयार वाक्यावर ठेवायची असतात. त्याने शब्दाची जात कळते, क्रम येत नाही. ज्या मुलाची अडचण ‘शी मिल्क ड्रिंक्स’ ही आहे, त्याला आधी सरकवायची कार्डं द्या, चिन्हं नंतर.

रंगांचा आणखी एक तोटा असा की इंग्रजीत एकच शब्द दोन कामं करतो. ‘प्ले’ नामही असतो आणि क्रियापदही. ‘वॉटर’, ‘बुक’, ‘लाइट’ यांचंही तसंच. नामाच्या रंगात छापलेलं ‘वॉटर’ घेऊन ‘आय वॉटर द प्लांट्स’ जुळवलं की रंग खोटा ठरतो. चांगल्या संचात अशा शब्दांची दोन रंगांत दोन कार्डं असतात, किंवा निदान काही कोरी पांढरी कार्डं असतात.

वापराचा क्रम थोडक्यात. एका लांब पट्टीवर तीन चौकोन आखा: कर्ता, क्रियापद, कर्म. सुरुवातीला एका वेळी आठ-दहापेक्षा जास्त कार्डं बाहेर काढू नका. सगळा डबा पसरला की मूल शोधण्यातच थकतं. तीन चौकोन सहज भरले की चौथा ‘कुठे’चा जोडा. मराठीत ‘टेबलावर’मधला ‘वर’ नामाच्या मागून येतो, इंग्रजीत ‘ऑन’ नामाच्या आधी बसतो, म्हणून ‘ऑन द टेबल’ ही तीन कार्डं काही दिवस क्लिपने एकत्र बांधून ठेवा. त्यानंतर नकार. मराठीत ‘नाही’ शेवटी येतं, म्हणून ‘नॉट’ शेवटी टाकण्याकडे कल असतो. ‘नॉट’ची जागा ‘इज’, ‘कॅन’ अशा सहायक क्रियापदाच्या लगेच नंतर, आणि सहायक नसेल तर आधी ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ आणायचं. प्रश्न सगळ्यांत शेवटी. जुळलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि वहीत उतरवायचं. हे उतरवणं टाळलं तर मूल कार्डांसोबत हुशार आणि कागदावर पुन्हा मूळपदावर.

छपाईत तीन गोष्टी पाहा. कॅपिटल ‘आय’ आणि स्मॉल ‘एल’ वेगळे ओळखू येतात का? कार्डाच्या एका बाजूला स्मॉल आणि दुसऱ्या बाजूला कॅपिटल सुरुवात आहे का? आणि पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांची सुटी कार्डं आहेत का? दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. ‘शी’ वाक्याच्या सुरुवातीला असताना कॅपिटल, प्रश्नात आत गेली की स्मॉल; कार्ड उलटवताना हे आपोआप अंगवळणी पडतं. कागद 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅम) आसपास असावा आणि लेप चकचकीत नको, दिव्याखाली अक्षरं झाकोळतात. चुंबकाची कार्डं फळ्यावर छान दिसतात, पण प्रत्ययांचे छोटे तुकडे त्यात निसटतात.

मोबाइलवरच्या वाक्यजुळणीच्या खेळांबद्दल एकच तक्रार, पण मोठी. त्यांतले पुष्कळसे एकच उत्तर बरोबर धरतात. ‘द डॉग चेस्ड द कॅट’ अपेक्षित असताना मुलाने ‘द कॅट चेस्ड द डॉग’ जुळवलं तर लाल फुली येते, आणि व्याकरण बिनचूक असूनही मूल समजतं की आपलं इंग्रजी चुकलं. शिवाय पहिल्या शब्दाचं कॅपिटल आणि शेवटच्या शब्दामागचा पूर्णविराम तसेच ठेवलेले असतात, त्यामुळे दोन टोकं फुकटात कळतात. सरावाला ठीक, शिकवायला नाही.

साधे तीन-चार अक्षरी शब्द अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी हा संच अजून घेऊ नका. त्याची सगळी ताकद वाचण्यातच जाते आणि क्रमाकडे लक्ष राहत नाही. तोवर तीच वाक्यं चित्रकार्डांवर, तोंडी. आणि घेताना सुटी कार्डं पुन्हा मिळतात का, हे विचारून ठेवा. हरवतात ती नेहमी ‘एस’ची आणि ‘द’ची.