७६,१०० रुपये, बिनलेबलच्या पुड्या आणि बाकावरचे गोल गाल

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसायचं त्यांनी एकदाच हसून घ्यावं. ७६,१०० रुपये. कशासाठी, तर अंगावर पित्त उठतं म्हणून. आणि मी अकाउंट्समधला माणूस आहे. महाप्याच्या कंपनीत एकोणीस वर्षं लोकांची व्हाउचर्स तपासतोय. रिक्षाचे ऐंशी रुपये लावले तरी मी पावती मागतो, पोरं मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

गणपतीला दापोलीला गेलो होतो. ऐरोलीला परत आलो आणि चौथ्या दिवशी मांड्यांवर गांधी उठल्या. आईने आमसुलं भिजवून ते पाणी चोळलं, दोन-तीन तासांत सगळं सपाट. रात्री पाठीवर उठल्या. मग रोजचंच झालं. बेल्टखाली, मोज्याच्या रबराखाली, बॅगेचा पट्टा खांद्यावर जिथे घासतो तिथे. एक गांध विरते तोवर दुसरीकडे दुसरी. मेडिकलमधून सेट्रिझिन आणायचो, पण खाजलं तर एक घ्यायची, नाही खाजलं तर नाही. वर ऑफिसात डुलक्या यायच्या म्हणून तीही टाळायचो. दिवाळी आली तरी थांबेना. कोळंबी सोडली, साबण बदलला, बायकोने बेसनसुद्धा बंद करून बघितलं.

रात्री दोनला खाजवत बसलेल्या माणसाच्या हातात मोबाईल असतो, आणि मोबाईलला सगळं कळतं. जाहिरात आली: ‘गोळ्यांनी पित्त दबतं. आम्ही मुळापासून काढतो.’ ठाणे स्टेशनपासून चालत सात मिनिटं, दुसरा मजला. पुढचं तुम्हाला पाठ असेल. मोफत सल्ला, मग टेस्ट, मग ‘आजच भरलंत तर’. नोंदणी ५०० रुपये (मोफत सल्ल्याची नोंदणी, हेही मी ऐकून घेतलं). २०० पदार्थांची रक्ताची टेस्ट १४,८००. सहा महिन्यांचं पॅकेज, ७२ हजारांचं ‘फक्त’ ४८,०००. शिवाय दर महिन्याच्या ‘विशेष’ पुड्या ३,२००, त्या चार वेळा घेतल्या. करा बेरीज.

पैसे मी यूपीआयने दिले. बोर्डावर क्लिनिकचं नाव, पैसे मात्र कुणा ‘ट्रेडर्स’च्या खात्यात गेले. पावती म्हणजे वहीतलं फाडलेलं पान, त्यावर ‘मिळाले’ आणि सही. असं पान कुणी माझ्या टेबलावर ठेवलं असतं तर मी ते उभंच राहू दिलं नसतं. पण सात आठवडे झोप नसलेला माणूस अकाउंटंट नसतो, तो फक्त खाजणारा माणूस असतो. हे कारण म्हणून देत नाहीये. हो, देतोयच.

पण मला रोज रात्री आठवतं ते पैशाचं नाही. बाकाचं.

दुसऱ्या महिन्याच्या पुड्या आणायला गेलो तेव्हा बाकावर तिघं बसले होते. साठीच्या एक बाई, कॉलेजातली मुलगी आणि कळव्याचे एक काका. एकमेकांशी काही नातं नाही, पण तिघांचे चेहरे एका घरातल्यासारखे दिसत होते. गाल गोल, हनुवटी भरलेली, डोळे आत गेलेले. काका मला म्हणाले, “पहिल्या पुडीलाच फरक पडला बघा, आणि भूक काय लागते म्हणून सांगू!” मला काय वाटलं असेल? वाटलं, तब्येती सुधारल्यात लोकांच्या. आपलेही गाल असे भरावेत. त्याच दिवशी घरी आईने मला पाहून म्हटलं होतं, “बाबू, तोंड सुजल्यासारखं दिसतंय रे तुझं.” मी तिच्यावर खेकसलो.

पहिली पुडी घेतली त्या रात्री माझं पित्त चार तासांत गेलं होतं. जुनाट दुखणं, मुळापासून उपचार, आणि चार तासांत साफ! पुडीवर लेबल नाही, पांढरट भुकटी, चव कडू. लग्नाला नाशिकला गेलो तेव्हा पुड्या घरी विसरलो, तर तिसऱ्या दिवशी दुप्पट उठलं आणि हातपाय गळाले. क्लिनिकवाल्याला फोन केला तर उत्तर, “साहेब, शरीर विष बाहेर टाकतंय, चांगलं लक्षण आहे.” मी त्याला थँक्यू म्हणालो.

त्या २०० पदार्थांच्या रिपोर्टात गहू, दही, अंडं, शेंगदाणे, केळं आणि नारळ लाल रंगात. दापोलीच्या माणसाला नारळ बंद! तीन महिने बायकोने माझ्यासाठी वेगळी भाजी केली. नंतर त्वचेच्या खऱ्या डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि म्हणाल्या, ही आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडीची टेस्ट आहे, तुम्ही काय खाता ते ती दाखवते, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते नाही. म्हणजे १४,८०० रुपये देऊन मी विकत घेतलं काय, तर मी नारळ खातो ही माहिती.

जानेवारीत एका रात्री वरचा ओठ आणि डावा डोळा सुजून बंद झाला. क्लिनिकच्या नंबरवर सल्ला मिळाला की कोकमाचं पाणी प्या आणि पुडी दुप्पट घ्या. शेजारच्या मुलाने ऐकलं नाही, सरळ गाडीत घालून इस्पितळात नेलं. तिथे कळलं की जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा चक्कर आली तर एक मिनिट घालवायचं नसतं, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. माझं तिथवर गेलं नव्हतं. पाठदुखीसाठी मी आयब्युप्रोफेन घेतली होती. अशा गोळ्यांनी आधीच असलेलं पित्त भडकू शकतं. दोनशे पदार्थांच्या यादीत हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

आणि तरीही मी मार्चपर्यंत पुड्या घेतल्या. कंपनीच्या वार्षिक तपासणीत जेवणानंतरची साखर २३१ आली, वजन आठ किलोने वाढलेलं. कंपनीच्या डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून एवढंच विचारलं, “कसली पुडी घेता?”

त्वचेच्या डॉक्टरांकडे सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉईड, फारच कमी निघालं. बाहेरून रोज स्टेरॉईड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. पुडीत काय होतं ते अजून कुठल्या प्रयोगशाळेने लिहून दिलेलं नाही, पण गाल, साखर, वजन आणि हा आकडा यांची बेरीज मलाही येते: स्टेरॉईड. हे वाचून कुणी तिरीमिरीत पुडी एकदम बंद करू नका. तेही धोक्याचं आहे. मला मोजून दिलेलं औषध आठवड्या-आठवड्याने उतरवत बंद केलं.

पित्ताबद्दल त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं ते मला ७६,१०० मध्ये कुणी सांगितलं नव्हतं. याचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही. कातडीतल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात, त्याने खाज आणि गांध. सहा आठवड्यांच्या वर चाललं तर बहुतेक वेळा बाहेरचं कारण सापडतच नाही, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती अनेकदा त्या पेशींना डिवचत असते. एकच गांध २४ तासांहून जास्त तिथेच राहिली किंवा जाताना काळा डाग ठेवून गेली, तर दाखवायला जा, तो प्रकार वेगळा असू शकतो. आणि गोळी खाजल्यावर नाही, रोज घ्यायची. गुंगी कमी आणणाऱ्या गोळ्या मिळतात, पुरलं नाही तर डॉक्टर त्याच गोळीचा डोस चौपटीपर्यंत वाढवू शकतात. मनाने वाढवायचा नाही. तेवढ्यानेही भागलं नाही तर पुढचे उपाय आहेत. माझं रोज दोन गोळ्यांत भागलं. पट्टीची किंमत सांगत नाही, मलाच त्रास होतो.

आता सरकारी दारं. पोलीस म्हणाले, तुम्ही स्वखुशीने पैसे दिले, हा दिवाणी मामला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तिथे म्हणाले समोर बसून पैसे दिलेत, ही ऑनलाइन फसवणूक नाही. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या एका संस्थेत अर्ज दिला. उत्तर आलं, हे गृहस्थ आमच्याकडे नोंदलेलेच नाहीत, म्हणून कारवाई आमच्या अखत्यारीत नाही! म्हणजे नोंदणी असती तर पकडला असता, नाही म्हणून सुटला. पालिकेत गेलो तर म्हणाले, बोर्डावर ‘वेलनेस’ लिहिलंय, दवाखाना नाही. शेवटी औषधं बघणाऱ्या एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. तीन अर्ध्या रजा. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा सर्व्हर बंद. तिसऱ्यांदा एकाने पुडी दोन बोटांत धरून विचारलं, “यावर बॅच नंबर कुठाय?” अहो, नाही, तीच तर तक्रार आहे! आयुर्वेदिक औषधावरही परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि घटक छापलेले असावे लागतात. म्हणाले, लेबलशिवाय नमुना कोणाच्या नावावर घेणार. जिन्यात बसून मी पाणी प्यायलो. त्या दिवशी मला माणसांवरचा राग कळला.

ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, वकील नसला तरी चालतं. वहीचं पान, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि ‘विष बाहेर टाकतंय’वाला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जोडला. सुदैवाने तो त्याने फोनवर बोलून झाल्यावर लिहूनही पाठवला होता.

उरलेल्या अकरा पुड्या बिस्किटांच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. बायको म्हणते फेका, मी हात लावू देत नाही. प्रत्येक पुडीच्या कोपऱ्यावर लाल शाईचा ठिपका आहे. तुमच्या घरात ठिपक्याची पुडी असेल तर फेकू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नका. एकट्याच्या अकरा पुड्यांना बॅच नंबर विचारतात. कळव्याचे ते काका, तुम्ही हे वाचत असाल तर आधी साखर तपासून घ्या आणि मग मला गाठा.