सात कोंबांचे साडेदहा हजार

लाज वाटते, तरी लिहिते. बाळंतपणानंतर संडासला रक्त पडायला लागलं. चांगल्या डॉक्टरकडे जायला लाजले आणि पंचवटीत खांबावरचा पिवळा बोर्ड वाचून दिंडोरी रोडच्या एका गाळ्यात गेले. बोर्ड तुम्हाला पाठच असेल: मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन, गॅरंटी.

केसपेपर 200, मूळव्याधीचा एक कोंब, म्हणजे सुजलेली गाठ, काढायचे 1,500. आधी तिथला माणूस म्हणाला तीन आहेत. टेबलावर आडवी झाल्यावर सात निघाले. तशा अवस्थेत कोण घासाघीस करणार?

कारण काय, तर "ताई, मिसळ, तिखट, उष्णता." समोर सासूबाईंच्या मांडीवर माझं चार महिन्यांचं बाळ रडतंय आणि हा माणूस बाळंतपणाबद्दल चकार शब्द विचारत नाही! तिथेच उठायला हवं होतं. मग ट्रे दाखवला. सात काळपट, सुरकुतलेले तुकडे, रक्ताचा थेंब नाही. माझं माहेर पिंपळगावचं, बेदाण्याच्या शेडमध्ये वाढले मी, तरी मान डोलावली. रात्र रात्र जागलेल्या बाईचं डोकं किती चालणार? वर काळ्या पुड्यांचे 2,400. एकूण 13,100, सगळे बारशाच्या आहेरातले.

आठ दिवसांत पुन्हा रक्त. शेवटी सर्जन बाईंकडे गेले. "कोंब तीनच आहेत, तिन्ही जागच्या जागी." गरोदरपणातला पोटाचा दाब, लोहाच्या गोळ्यांनी धरलेला खडा, कमी पाणी, कुंथणं, हे त्यांनी पाच मिनिटांत काढून घेतलं. संडासात मोबाइल घेऊन बसता का, हेही विचारलं. (बसते. घरात तेवढीच निवांत जागा.) इसबगोल, पालेभाज्या, कोमट पाण्याच्या टबात बसणं. अंगावर पाजत असताना पुड्या घेतल्या म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच. आणि रक्त म्हणजे मूळव्याधच असं घरी बसून ठरवू नका, म्हणाल्या, दुसरंही काही असू शकतं.

चौकीत गेले तर "पावती आहे का?" पावती कोण देतो तिथे! नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे म्हटलं, तर आरोग्यवाल्यांकडे जा. तिथले साहेब मीटिंगला. तीन चकरा, कडेवर बाळ. चौथ्यांदा कारकून सगळ्यांसमोर मोठ्याने, "नेमका त्रास कुठे होता, बाई?" पैसे क्यूआरवर भरलेत, ते दाखवलं, तर नाव एका मोबाइलच्या दुकानाचं. तुम्ही भरण्याआधी ते नाव वाचा. मी भरल्यावर वाचलं.

गाळा उघडाच आहे. बोर्डावर आता "महिलांसाठी खास सवलत".