गाडी निघाली, साहेब: दर वेळी तीन कोटेशनं की एकच फाउंड्री?

नटबोल्ट, हातमोजे, कटिंग ऑइल, पॅकिंगचे बॉक्स यांना तीन कोटेशनं मागवा, सगळ्यात कमी रेटवाल्याला पीओ (खरेदीची ऑर्डर) द्या आणि विसरून जा. त्यात वाद नाही. वाद आहे तो आपल्या ड्रॉइंगवर, आपल्या पॅटर्नवर (ज्यावरून वाळूचा साचा घेतात त्या नमुन्यावर) बनणाऱ्या मालाचा. आमच्याकडे तो माल म्हणजे पंपाच्या बॉडीचं कास्टिंग, साच्यात ओतलेला लोखंडी भाग. कारखाना भोसरीत, ओतकाम कोल्हापूरकडे. तीन वर्षं मी हे कास्टिंग कोटेशनच्या जोरावर घेतलं, पुढची सहा वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एकाच फाउंड्रीकडून (ओतकामाच्या कारखान्याकडून). दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, म्हणून लिहितोय. तुमचा माल वेगळा असेल तर हिशेबही वेगळा निघेल.

आधी कोटेशनच्या बाजूचं खरं ते सांगतो. जुना व्हेंडर हळूहळू जावयासारखा होतो. पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) वाढलं की दोन दिवसांत रेट वाढवण्याचं पत्र येतं. उतरलं की आपणच तीनदा आठवण करायची. मोठ्या कंपनीचं शेड्यूल आलं की आपला साचा मागे सरकतो, कारण ‘तुम्ही काय, घरचेच’. तीन कोटेशनं मागवली की ही झोप उडते. शिवाय फाइल स्वच्छ राहते. मालकांनी किंवा ऑडिटरनं विचारलं, याच्याकडूनच का घेतलं, तर कागद पुढे करता येतो. पर्चेसमध्ये बसणाऱ्या माणसाला या कागदाची किंमत कळते.

रेटचं मात्र एक गौडबंगाल आहे. कास्टिंग किलोवर विकलं जातं आणि आपण बसवतो नगावर. जुन्या फाउंड्रीचा रेट ९८ रुपये होता, नव्याचा ९४. किलोमागे ४ रुपये वाचले म्हणून आमच्याकडे जवळजवळ पेढे वाटले गेले. माल आला, मी सहज एक नग काट्यावर ठेवला: १३.६ किलो. जुन्याचा १२.८ भरायचा. साचा नीट ठोकलेला नसला की तो फुगतो आणि वजन वाढतं. म्हणजे १२५४ रुपयांचा नग आम्ही १२७८ ला घेतला, आणि वरचं लोखंड आमच्याच इन्सर्टनं (कापायच्या पात्यानं), आमच्याच विजेवर तासून भंगारात टाकलं. ब्लोहोलची, म्हणजे कास्टिंगच्या आत राहिलेल्या पोकळीची, रड तर सगळ्यांनाच माहीत आहे. ते मशीनवरच्या तिसऱ्या ऑपरेशनला उघडं पडतं, व्हेंडरच्या बिलातून वजावटीची डेबिट नोट निघते ती कास्टिंगच्या किमतीची, आणि झालेलं मशीनिंग आपल्या नावावर बसतं.

तरीही या २४ रुपयांवरून मी बाजू बदलली नाही. घासाघीस करून ते निघाले असते. मी बदललो ते एका वाक्यामुळे: ‘गाडी निघाली, साहेब.’

ज्यानं पर्चेस केलंय त्याला हे वाक्य झोपेतही ऐकू येतं. त्या वेळी दोन व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) आमचं फिक्स्चर (नग पकडायची चौकट) चढवून ठेवलेलं होतं, दोनशे नग हवे होते. कोटेशनवर निवडलेल्या फाउंड्रीला मंगळवारी रात्री फोन केला: गाडी निघाली. बुधवारी सकाळी: कराड क्रॉस केलं. गाडी नंबर मागितला तर ‘ड्रायव्हरला विचारून पाठवतो’. अकरा वाजता मी ई-वे बिलाच्या (माल गाडीत पाठवताना काढायच्या ऑनलाइन बिलाच्या) पोर्टलवर गेलो. आपल्या जीएसटी नंबरवर दुसऱ्यानं काढलेली बिलं तिथं दिसतात. त्या दिवसाचं एकही बिल नव्हतं. कराड कुठलं, गाडी फाउंड्रीच्या गेटमधूनही बाहेर पडली नव्हती. दुपारी त्यांच्या सुपरवायझरनं कबूल केलं की साचे अजून भरायचेच आहेत. तोवर माझी दोन मशीनं दीड दिवस फिक्स्चर अंगावर घेऊन उभी होती. सोमवारी मला हे कळलं असतं तर दुसरा जॉब चढवला असता, पाच पैशांचं नुकसान नव्हतं.

उशीर सगळेच करतात. शिरोलीवालेही करतात. फरक असा की त्यांचा फोन स्वतःहून येतो. परवाच्या पावसाळ्यातला हा एक: ‘साहेब, भट्टीचं आतलं लायनिंग गेलंय. तुमचं दोनशे काय आज हुईत न्हाईत. शनिवारी सव्वाशे धाडतो, राहिलेलं मंगळवारी. तोवर दुसरं कायतरी लावा की मशिनीवर.’ मी चिडलो, दोन शब्द बोललो, आणि दुसरं लावलं. लाइन थांबली नाही.

पहिला माणूस खोटारडा आणि दुसरा हरिश्चंद्र, असं बरीच वर्षं माझं मत होतं. आता तसं वाटत नाही. पहिल्याला ठाऊक होतं की पुढची ऑर्डर पुन्हा कोटेशनला जाणार. उशीर कबूल केला की ती गेलीच; थाप मारली तर निदान दोन दिवस मिळतात. त्याच्या जागी मीही कराड क्रॉस केलं असतं. खरं सांगूनही पुढचं शेड्यूल येणारच, याची खात्री आम्ही त्याला कधी दिली नव्हती.

ही खात्री दिवाळीच्या सुक्यामेव्यानं येत नाही, पेमेंटनं येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, हा नियम २००६ च्या एमएसएमई कायद्यापासून आहे. पाळत फारसं कोणी नव्हतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचं ४३बी(एच) कलम लागू झालं. मुदत उलटून पैसे वर्षअखेरीस थकलेले राहिले तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. मग मार्चमध्ये सीएंचेच फोन सुरू झाले. आम्ही शिरोलीला त्याआधीपासून चाळिसाव्या दिवशी पैसे सोडत होतो. माझ्या अंदाजानं लायनिंगचा तो फोन याच सवयीतून आला. मोजून दाखवता येणार नाही.

एकाच घरी सगळं बांधण्याचा धोका मी लपवत नाही. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये कारिया इथला आयसिन कंपनीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथंच बनायचा, आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. गाड्यांचं उत्पादन ठप्प झालं. मग इतर पुरवठादार, त्यात शिलाई मशीनवाली ब्रदरसुद्धा, आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवायला लागले, पैशांचं काही ठरायच्याही आधी. आठवड्याभरात गाडी बरीचशी रुळावर आली. संबंधांचं कौतुक म्हणून ही गोष्ट सांगतात. मला तिच्यात आग आधी दिसते. माझ्यासाठी भोसरीत कोणी शिलाई मशीनवाला धावून येणार नाही.

म्हणून दुसरा पॅटर्न बनवून बेळगावच्या एका फाउंड्रीत ठेवलाय. पॅटर्न आणि कोअर बॉक्सचा (आतल्या पोकळीच्या साच्याचा) खर्च मालकांना पटवायला दोन महिने गेले. वर्षातून दोन लॉट तिकडून काढतो, म्हणजे साचा आणि माणसं दोन्ही सरावात राहतात. बाजारभाव कळावा म्हणून मार्चमध्ये कोटेशनंही मागवतो. शिरोलीचा रेट किलोमागे तीन-चार रुपये वर असला तर बोलून एखादा रुपया कमी करून घेतो, बाकीचा सोडतो. त्यापेक्षा जास्त फरक निघाला तर काय करेन, सांगता येत नाही. अजून निघालेला नाही.

बेळगाववाल्यांना पहिल्या लॉटच्या वेळीच सांगितलं होतं की गाडी निघाली नसेल तर निघाली नाही म्हणा, पीओ रद्द होणार नाही. पहिले दोन्ही लॉट ‘निघाली’ म्हणून दोन दिवस उशिरा आले. मी पीओ रद्द केला नाही, पैसे वेळेवर सोडले. तिसऱ्या लॉटला शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला: ‘साहेब, गाडी नाही निघाली.’