लिलीचा कंद: दोन फुटी काचपेटीसाठी काय घ्यावे, काय टाळावे

पुण्यात घरगुती मत्स्यालयासाठी लिलीचे कंद आता सहज मिळतात, परंतु ‘बल्ब लिली’ या एकाच नावाखाली दुकानदार तीन-चार निरनिराळ्या वनस्पती विकतात आणि त्यांची वाढ, त्यांना लागणारी जागा व निगा यांत काहीही साम्य नसते. कर्वे रस्त्यालगतच्या एका छोट्या दुकानातून मी ड्वार्फ लिली, रेड टायगर लोटस आणि ज्याला सगळे नुसते ‘कांदा’ म्हणतात तो क्रायनम असे तीन प्रकार घेतले, तर मिश्र कंदांचे एक पाकीट एका संकेतस्थळावरून मागवले. निर्णय आधीच सांगून टाकते: ड्वार्फ लिली डोळे झाकून घ्यावी, टायगर लोटस छाटणीचा कंटाळा नसेल तर घ्यावे, कांदा दोन फुटी पेटीत आणू नये, आणि पाकिटाच्या वाटेला जाऊच नये.

दुकानाबद्दल प्रथम चांगले लिहिले पाहिजे, कारण कंदांच्या बाबतीत खरा फरक तिथेच पडतो. येथे कंद कोरडे ठेवलेले नसतात. उथळ ट्रेमध्ये बोटभर पाण्यात ते मांडलेले असतात आणि बहुतेकांना कोंब आलेला असतो. मी एक कंद उचलताच दुकानातील मुलगा म्हणाला, “काकू, आधी दाबून बघा. कडक लागला तरच घ्या, मऊ असेल तर बाजूला ठेवा.” हा सल्ला पूर्णपणे योग्य आहे. निरोगी कंद अंगठ्याने दाबला तरी दबत नाही आणि त्याला मातीसारखा वास येतो. सडू लागलेला कंद एका बाजूने बसतो, साल निसटते आणि वास तर लपतच नाही. असा कंद पेटीत गेला की पाणी गढूळ होते व माशांनाही त्रास होतो. कोंब आलेल्या ड्वार्फ लिलीचे दीडशे रुपये पडले. काही ठिकाणी कोरडा कंद याहून स्वस्त मिळतो, पण तो फुटेल की नाही याची जोखीम आपल्यावरच येते.

पाकिटाची कथा थोडक्यात आटोपते. वेष्टनावर लाल, हिरव्या आणि गुलाबी लिलींचे चित्र होते. आत भुश्यात गुंडाळलेले कंद होते आणि त्यांतील बरेचसे पाण्यात घातल्यावर पांढऱ्या बुरशीने माखून मऊ झाले. केवळ पांढरा पातळ थर आला तर घाबरण्याचे कारण नसते, तो पुसून टाकता येतो. परंतु हे कंद आतूनच गेलेले होते. जो जोमाने फुटला तो लिली नव्हताच. त्याला गोल पानांऐवजी लांब, कडेला लाटा असलेली पाने आली, म्हणजे तो अपोनोजेटॉन निघाला. साताऱ्याचे नाव मिळालेला अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजेच कास पठारावरचा वायतुरा, याच कुळातला. (तो पश्चिम घाटाचा प्रदेशनिष्ठ आहे आणि जिथे उगवतो तिथेच पाहावा; हौसेखातर उपटून आणू नये.) अपोनोजेटॉन वाईट नव्हे, पण त्याच्या काही जाती वाढीनंतर पाने टाकून विश्रांती घेतात, आणि हे ठाऊक नसलेला माणूस जिवंत कंद मेला समजून फेकून देतो. पाकिटावर याविषयी एक ओळही नव्हती.

ड्वार्फ लिली ही निम्फिया स्टेलाटा या नावाने विकली जाते (निम्फिया म्हणजे पाणलिली) आणि नवशिक्यासाठी याहून समजूतदार वनस्पती मी पाहिलेली नाही. सुपारीएवढा तो कंद पहिल्यांदा पाण्यावर तरंगतो. पाणी मुरले की एक-दोन दिवसांत आपोआप तळाशी बसतो. त्यानंतर तो वाळूवर ठेवून खालचा भागच हलका दाबावा आणि कोंबाचे टोक उघडे ठेवावे, कारण संपूर्ण गाडलेला कंद हमखास कुजतो. तळाला दोन-अडीच इंच बारीक खडी पुरते. सुरुवातीला खत लागत नाही, कारण कंदातील साठ्यावरच पहिली पाने निघतात, आणि ती पटापट निघतात: तांबूस, तळहाताहून लहान, देठाशी खोबण असलेली. साठा संपत आला की नवी पाने लहान व फिकट येऊ लागतात. तेव्हा मुळांशेजारी एक रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, खुपसावी. केवळ पाण्यात टाकायच्या द्रवखतावर ही वनस्पती समाधानी राहत नाही, कारण तिचा मुख्य आहार मुळांवाटे होतो. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याचा खर्च मात्र तिच्यासाठी करण्याची गरज नाही. साधा एलईडी पुरेसा आहे. कंदाच्या माथ्यावरील रोपाला स्वतःची पांढरी मुळे आली की ते अलगद खुडून दुसरीकडे लावता येते आणि बऱ्याचदा तोच कंद पुन्हा फुटतो, म्हणजे दीडशे रुपयांत दोन झाडे होतात.

टायगर लोटसची गोष्ट वेगळी आहे. हे पश्चिम आफ्रिकेतील निम्फिया. गडद लाल पानांवर जांभळट ठिपके असतात आणि हिरव्या झाडांच्या पार्श्वभूमीवर ते एकटेच पेटीची शोभा वाढवते. किंमत ड्वार्फ लिलीच्या दुप्पट होती. पण रुळले की ते पृष्ठभागाकडे धाव घेते. लांब देठावरचे पान वर पोचून पसरू लागले, की खालच्या सर्व झाडांवर सावली पडते आणि मग नव्या पानांचाही ओढा वरच राहतो. उपाय एकच: वर जाणारा देठ दिसताच तो बुडाशी कापावा, पाण्याच्या मध्यावर नव्हे, नाहीतर उरलेला देठ कुजत बसतो. हे सातत्याने केल्यास झाड बुटके व दाट राहते. ज्यांना फुले हवी असतील त्यांनी तरंगती पाने ठेवावीत. फूल रात्री उमलते. माझ्या मते दोन फुटी पेटीत फुलाचा हट्ट धरू नये.

पाण्याबाबत पुणेकरांना फार काळजी करण्याचे कारण नाही. खडकवासल्याचे नळाचे पाणी फारसे जड नसते. क्लोरिन जाण्यासाठी ते आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवले की झाले, आणि दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची महापालिकेची सवय पाहता ते तसेही भरून ठेवलेले बरे. बोअरचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांमध्ये काचेवर पांढरी रेघ उमटते, तरी लिली ते सहन करते. एप्रिल-मे महिन्यांत पेटीचे पाणी ३० अंशांच्या वर गेल्यास पाने लवकर पिवळी पडतात. झाकण काढून लहान पंखा लावणे पुरते. गोल्डफिश असलेल्या पेटीत मात्र यांपैकी काहीही लावू नये, कारण ते कोवळी पाने कुरतडतात.

राहिला कांदा. क्रायनम थायेनम हा वरील दोहोंसारखा नुसता कंद नसून खरोखरच कांद्यासारख्या पापुद्र्यांचा असतो. बागेतला नागदवणा त्याचा भाऊबंद आहे. त्याची पट्टीसारखी पाने दीड मीटर आणि त्याहूनही लांब जातात व दोन फुटी पेटीत पृष्ठभागावर गुंडाळून पडतात. मूळचा तो दक्षिण थायलंडमधील ओढ्यांतला; तेथे त्याची स्थिती बिकट असून आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. म्हणून ज्यांच्याकडे चार फुटी, खोल पेटी आहे त्यांनीही कंद रोपवाटिकेत वाढवलेला आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारून घ्यावे. मी विचारले तेव्हा त्या मुलाने आडपडदा न ठेवता “ते मला सांगता येणार नाही, काकू, माल मुंबईहून येतो” असे उत्तर दिले, आणि दुसरा कांदा घेण्याचा विचार मी तिथेच सोडला.